जोतं किती उंच?

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे कामांचा क्रम ठरलेला असतो. आधी प्लॉट, मग वास्तुतज्ज्ञ, मग मोबाइलवर बघून आवडलेला जिना, मग इंजिनिअर आणि सगळ्यात शेवटी नियम. शेवटी भेटतात म्हणूनच ते जाचक वाटतात, असं माझं मत आहे. वास्तुतज्ज्ञानं ईशान्येला संडास नको म्हटलं तर कुणी हुज्जत घालत नाही, सवलतही मागत नाही. नगररचनेनं बाजूला मोकळी जागा सोडा म्हटलं की मात्र लगेच ‘एवढी जागा फुकट घालवायची?’

माझा मावसभाऊ सांगलीत घर बांधतोय. प्लॉट दोन गुंठ्यांचा, म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या आसपास. सातबारा स्वच्छ, मोजणी झालेली. दलालानं सांगितलं होतं, ‘निळ्या रेषेच्या बाहेर आहे साहेब, काळजीच नको.’ ते खरंच होतं. लाल रेषेबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता, आणि यांनीही विचारलं नव्हतं.

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लालच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 45 सेंटिमीटर वर हवं. ‘25 वर्षांतून एकदा’ हा हिशेब सांगलीकराला सांगायला जाऊ नये. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही पूर त्यानं 16 वर्षांत पाहिलेत. आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी मानतात. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातली माणसं तेव्हा वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर बसून बोटीची वाट बघत होती. मावशी त्यातलीच एक.

तर मावसभावाचा नकाशा. पुढं ओटा, त्यावर झोपाळा, तळमजल्यावर मावशीची खोली, शेजारी देवघर. देखणं घर होतं. इंजिनिअरनं लेव्हल लावून जमीन मोजली, ती लाल रेषेच्या पातळीपेक्षा दोन मीटर खाली निघाली. वरचे 45 सेंटिमीटर धरले की जोतं जमिनीपासून आठ फूट. 15 सेंटिमीटरची एक पायरी धरली तर घरात शिरायला सोळा पायऱ्या. ‘रॅम्प करू की,’ भाऊ म्हणाला. एकास बाराचा उतार धरला तर त्याची लांबी निघाली शहाण्णव फूट. तेवढा रॅम्प त्या प्लॉटमध्ये दोन वळणं घेऊनही बसेना.

दोन-तीन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मग इंजिनिअरनंच नवा नकाशा काढला. खाली नुसते खांब, तिथं गाडी आणि पावसाळ्याबाहेर झोपाळा. घर पहिल्या मजल्यावर, आणि एका कोपऱ्यात छोट्या लिफ्टची जागा. विजेचा मीटरही वर. मावशीला मी विचारलं, लिफ्ट बंद पडली तर? ‘चढीन की सोळा पायऱ्या. पण परत बोटीत बसणार नाही,’ ती म्हणाली. गेल्या दोन महिन्यांत त्या घरात जोत्यावर एवढं नेमकं बोललेलं दुसरं कुणी नव्हतं.

बाकीच्या नियमांची कथा लहान आहे. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच नियमावली आहे. पूर्वी बाल्कनी चटईक्षेत्रात धरत नसत, म्हणून लोक ती नकाशात दाखवायचे आणि पुढं तिला काचा बसवून तिथं ओट्याचा दगड टाकायचे. आता भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं सगळं, बाल्कनीसकट, मोजलं जातं. त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र पैसे भरून मिळतं. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. लहान प्लॉटची परवानगीही कागदावर तरी सोपी झाली आहे. एक मात्र सांगून ठेवतो. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळालीच, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. कायद्यात ती तरतूद आहे, पण नकाशा नियमात बसणारा असेल तरच. ती अट हे लोक सांगत नाहीत.

मला खरी शंका आहे ती वेगळीच. शेजारच्या प्लॉटवर खांब नाहीत, सरळ भराव चाललाय. डंपरवर डंपर मुरूम ओतून अख्खी जागा रस्त्याच्या वर उचलली आहे. त्याचंही जोतं लाल रेषेच्या वर जाईल, म्हणजे उंचीचा नियम त्यानंही पाळला. पण खांबांच्या मधून पुराचं पाणी जाऊ शकतं, मुरमाच्या ढिगातून ते जाणार नाही. ते बाजूला सरकणार. आणि बाजूला, खालच्या अंगाला, वीस वर्षांपूर्वीची बैठी घरं आहेत, ज्यांच्या जोत्याची उंची तेव्हा कुणी विचारली नव्हती. भरावाला त्यानं वेगळी परवानगी घेतली आहे का, असं भावानं त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘तुम्हीपण टाका की चार डंपर, लिफ्टचा खर्च वाचेल.’