अपघाताची नोंद, पेन्शनचा हक्क



बेंगळुरूच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसाचा हात यंत्रात सापडला, तर घरच्यांनी कोणाकडे पाहायचे? रेल्वे-टपालातील कायम नोकरांना असाधारण पेन्शनचे नियम आहेत. कारखान्यातील कामगाराला 1948 च्या कायद्याने आलेला ई.एस.आय. विमा आहे. 2017 साली त्याची वेतनमर्यादा 21,000 रुपये झाली. कामावर कायमचे अपंगत्व आल्यास कमाईची जेवढी क्षमता गेली, तेवढ्या प्रमाणात, वेतनाच्या 90 टक्के दराने, हयातभर लाभ मिळतो. त्यासाठी वर्गणीचे महिने मोजले जात नाहीत. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे!

अडते ते नोंदीवर. कंत्राटदाराने "घरी पडला" म्हणून हात झटकले, की अपघात कामावरचाच हे सिद्ध करणे जखमी माणसाच्या माथी येते. म्हणून त्याच दिवशी अपघात-पुस्तकात नोंद करवून घ्या, साक्षीदारांची नावे लिहा, विमा क्रमांक जपा. वैद्यकीय मंडळाने टक्केवारी कमी ठरवली, तर मुदतीत अपील करा.

आपल्या स्टेशनात डबे धुणाऱ्या कंत्राटी सोबत्यांचा विमा भरला जातो का? हे विचारणे युनियनचे कर्तव्य आहे. अपघात घडण्याआधीच विचारा.