फळीचा गोतावळा

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याची दमछाक लांबलचक शब्दांनी होत नाही. ती होते आखूड, घरगुती शब्दांनी. 'टेलिस्कोप' हा शब्द उच्चारायला बिकट खरा, पण एकदा दुर्बीण डोळ्यांपुढे आली की तो जन्मभर इमानाने तेवढाच अर्थ वाहतो. उलट 'सेट', 'रन', 'फास्ट', 'बोर्ड' हे शब्द वाक्यागणिक निराळाच अर्थ पुढे करतात. ऑक्सफर्डच्या ज्या महाकोशाचे संपादन जेम्स मरे ह्या विद्वानाने 1879 साली अंगावर घेतले, आणि जो त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, 1928 साली, सिद्धीस गेला, त्याच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या 'सेट' ह्या क्रियापदाच्या नावे 430 अर्थ दाखल आहेत. आणि सध्या चालू असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत 'रन' ह्या क्रियापदाचे अर्थ सहाशेंच्याही वर गेले आहेत. ह्या भाषेला धरबंद नाही असे हे आकडे ऐकून कोणालाही वाटावे. परंतु माझी समजूत अशी आहे की अर्थांची ही दाटी म्हणजे त्या समाजाच्या संसाराचे दप्तर आहे, आणि ते पहिल्या पानापासून वाचणाऱ्यास त्यात अंदाधुंदी फारच थोडी आढळते.

'बोर्ड' हाच शब्द घ्यावा. त्याचा मूळ अर्थ फळी, सुताराने कापून रंधलेली साधी लाकडाची फळी. जुन्या काळी इंग्लंडातल्या घरात जेवणाची वेळ झाली म्हणजे लाकडी घोड्यांवर फळ्या टाकीत, भोवती बाके मांडीत, आणि जेवणे उरकल्यावर ती सारी मांडामांड उचलून भिंतीशी ठेवीत. तेव्हा जिच्यावर अन्न वाढले जाई ती फळीच 'बोर्ड', आणि पुढे तिच्यावर वाढले जाणारे अन्नही 'बोर्ड'च झाले. 1066 साली नॉर्मन लोकांनी तो मुलूख जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंच भाषेतून 'टेबल' आले आणि त्याने कालांतराने जेवणाच्या मेजाचा अर्थ बळकावला. पण जेवणखाणाचा अर्थ जुन्या शब्दाकडेच राहिला, आणि ज्या मेजाभोवती बसून चार जबाबदार माणसे मसलत करीत, त्या मेजावरून त्या मंडळींनाही 'बोर्ड' म्हणण्याची वहिवाट पडली. जहाजाच्या कडेलाही 'बोर्ड'च म्हणत. सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असे म्हणून ती बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू, ठरली. हा कडेचा अर्थ मुळात निराळ्या शब्दाचा असून तो फार पूर्वीच फळीच्या शब्दात मिसळून गेला, असे कोशकार मानतात.

ह्या फळीची आपल्याशीही सोयरीक आहे. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी 1784 साली लंडनात जे मंडळ स्थापन झाले त्याचे नाव 'बोर्ड ऑफ कंट्रोल'. मुंबई इलाख्यात 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डे आली, आणि 1962 साली जिल्हा परिषदा येईपर्यंत खेड्यापाड्यांतल्या कित्येक शाळा त्यांच्याच नावाने ओळखल्या जात. शाहू छत्रपतींनी 1901 साली कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी जे वसतिगृह उघडले ते 'व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग', आणि त्या नावात मसलतीची फळी नसून जेवणाची फळी आहे. शाळेच्या दारावरचा बोर्ड, मॅट्रिकच्या परीक्षेचे बोर्ड आणि परगावच्या मुलाचे बोर्डिंग हे तिन्ही शब्द मराठी माणूस एका दमात उच्चारतो, पण ह्या तिघांचे गोत्र एक आहे हे त्याला शाळेत कोणी सांगत नाही, ह्याचे मला मनापासून वाईट वाटते.

'फास्ट'ची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे, कारण त्याचे अर्थ परस्परांच्या उरावर बसलेले दिसतात. कापडाचा रंग फास्ट म्हणजे जागचा न हलणारा, आणि गाडी फास्ट म्हणजे जागेवर न ठरणारी. शिवाय उपास तोही 'फास्ट'. मुळात ह्या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का एवढाच होता. व्रत घट्ट धरून राहणे हा झाला उपास. आणि नेट धरून, दम न सोडता धावणारा मनुष्य साहजिकच वेगाने धावतो, म्हणून दृढतेच्या पोटी वेग जन्मला.

प्रत्येक ठिकाणी असे नाते निघतेच असे मात्र नाही. झाडाची साल 'बार्क' आणि कुत्र्याचे भुंकणे 'बार्क', ह्यांत पहिला शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलेला आणि दुसरा इंग्लंडच्या घरचा. त्यांची गाठ पडली ती केवळ उच्चारात. नदीचा काठ आणि सराफाची पेढी ह्या दोन 'बँकां'चीही कोशात स्वतंत्र खाती आहेत. परंतु पेढीची बँक ज्या इटालियन सराफांच्या बाकावरून आली, त्या बाकाचा शब्द मुळात जर्मानिक कुळातला, आणि काठाचाही त्याच कुळातला, म्हणून ही दोन्ही घरे फार मागे जाऊन एकाच वाड्यात मिळतात.

आपल्या पूर्वजांना हा विषय अपरिचित नव्हता. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग म्हणून स्वतंत्र वर्गच आहे, आणि त्यात एकट्या 'हरि' शब्दाच्या वाट्याला विष्णू, इंद्र, सूर्य, सिंह, वानर, पोपट, साप, इतकेच काय बेडूकही आला आहे. तथापि ती संपत्ती मुख्यतः कवींच्या आणि टीकाकारांच्या उपयोगाची. 'सेट'च्या तोडीचा, रोजच्या वापराचा आपला शब्द पाहायचा तर 'लागणे' हे क्रियापद पुढे आणावे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, वेळ लागतो, निकाल लागतो, मुलाला नोकरी लागते, परसातल्या आंब्याला मोहर लागतो, परक्या गावी मन लागत नाही, आणि बोलता बोलता एखाद्याचा शब्दही लागतो. हे सारे मराठी मूल शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच बिनचूक बोलते, आणि त्यासाठी त्याने अर्थांची यादी कधी घोकलेली नसते. इंग्रजीच्या शिक्षकाने 'सेट'च्या अर्थांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मुलांकडून ही वाक्ये एकदा म्हणवून घ्यावीत, आणि मग तो तक्ता लिहिण्याची कितपत गरज उरते ते स्वतःच पाहावे.