गोरेगावला एक खोली हवी आहे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी, हिंगोली;
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत गोरेगाव, ता. सेनगाव

दारूविषयी आपल्याकडे येणारी बहुतेक निवेदनं दुकान बंद करा, हातभट्ट्या मोडा, अशी असतात. ती रास्तच आहेत. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीसाठी रांगा लावणाऱ्या बायकांचं ऋण महाराष्ट्रावर आहे. हे पत्र मात्र ज्याला स्वतःलाच दारू सोडायची आहे, त्या माणसासाठी आहे. सकाळी हात थरथरत असताना तो बायकोला म्हणतो, ‘आजपासून बंद.’ त्या घटकेला तो खरंच बोलत असतो. त्या सकाळी त्यानं गोरेगावात कुणाचं दार वाजवायचं?

घरच्यांच्या नजरेस पडते ती जाहिरात : ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा.’ मग जेवणात कसली तरी पावडर जाते. दारूशी रिअॅक्शन होणारं औषध नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. उलट, रोज भरपूर पिणाऱ्यानं निर्धार करून एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीतच जायला हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारूच्या गैरवापरातून येणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. व्यसनी माणूस रुग्णालयात येतो, तो या हक्कानं.

पण खरी परीक्षा उपचारानंतर सुरू होते. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची ख्याती मराठवाड्यातही आहे. पुणे इथून चारशे किलोमीटरच्या वर. उपचार संपवून माणूस घरी येतो, तेव्हा गाव तेच, कट्टा तोच, सोबतीही तेच. कर्ज तर हललेलंच नसतं. २०२३ मध्ये याच गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्जापायी अवयव विकायची तयारी दाखवली, हे आपल्याला आठवत असेल. त्यांचा दारूशी संबंध मी जोडत नाही. व्यसनातून उठणाऱ्याला कोणत्या परिस्थितीत उभं राहायचं असतं, एवढंच सांगतो आहे. दर पंधरवड्याला पुण्याला फेरी मारणं त्याला परवडणार नाही. त्याचा आधार पायी जाता येईल इतक्या अंतरावर हवा.

असा आधार देण्याची रीत जुनी आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’, उभी राहिली. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही, आडनाव विचारायचं नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी ‘अल-अॅनॉन’चे वेगळे गट असतात. सरकारी अनुदान एए घेत नाही. खर्च सभासदच भागवतात. म्हणजे आपल्याकडे पैसा मागायचाच नाही. हवी आहे एक खोली, ठरलेला वार आणि ठरलेली वेळ.

नर्सी नामदेवच्या या जिल्ह्याला असा आधार परका नाही. गळ्यात वारकऱ्याची माळ पडली आणि दारू सुटली, अशी माणसं इथे गावोगाव आहेत, कारण एकादशीला सोबत बसणारे चारजण त्यांना मिळाले. पण माळ घालून पुन्हा प्यायलेला शरमेनं मंडळीत येत नाही. एएच्या मीटिंगमध्ये त्यानंच यायचं असतं, काल घसरला असला तरी. हा फरक फार मोलाचा आहे.

अडचण आहे ती गुप्ततेची. इथे कोण कुठल्या दारात शिरला हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. बाईलाच दारूचं व्यसन असेल तर विचारायलाच नको. म्हणून खोली ग्रामपंचायतीच्या दर्शनी भागात नको. मीटिंग आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी कुणी कुठे चालला हे कुणी विचारत नाही. अशीच मीटिंग सेनगावात आणि हिंगोलीतही असावी, म्हणजे ज्याला गावात संकोच वाटतो तो तिथे जाईल. उद्घाटन करू नका, फलक लावू नका, फोटो तर मुळीच काढू नका. आलेल्यांची यादी मागू नका.

चांगल्या प्रयत्नाचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी उपक्रमानं गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणची क्लिनिक यांची जोड घातली. हिंगोलीनं निदान जिल्हा रुग्णालयातून घरी जाणाऱ्या प्रत्येक व्यसनी रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी द्यावी : जवळची मीटिंग कुठे, कधी. तीच चिठ्ठी आशाताईंकडे असावी. गोरेगाव पोलीस ठाण्यातही असावी, कारण मार खाल्लेली बायको आधी तिथेच पोहोचते. चिठ्ठीच्या तळाशी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक छापा.

सोयाबीनचा पैसा हातात आला की घसरणाऱ्यांची संख्या वाढते, हे गावात कुणालाही विचारा. म्हणून काढणी सुरू होण्याआधी खोलीची किल्ली द्या आणि पहिल्या मीटिंगचा वार ठरवा, ही कळकळीची विनंती.

आपला,
सेनगाव तालुक्यातील एक रहिवासी