कोर्टाची पायरी : वकीलपत्र कोणी घ्यायचं?

एखादा भयंकर गुन्हा घडला की चार दिवसांत कुठल्या तरी बार असोसिएशनचा ठराव पेपरात येतो : आरोपीचं वकीलपत्र कोणीही घेणार नाही. गावभर वाहवा होते. ठराव मात्र बेकायदा असतो. अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने दिला आहे. गुन्हा किती अमानुष, याची अट त्यात नाही. असे ठराव रद्दबातल आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं. तरी ते होतातच.

ठराववाल्यांनी २६/११ चा खटला आठवावा. कसाबच्या बचावासाठी न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमलं, तर शिवसैनिक त्यांच्या वरळीच्या घरावर चालून गेले. पुढे अब्बास काझमी आले, त्यांच्यानंतर के. पी. पवार.

त्या खटल्यात कसाबसोबत आणखी दोघे आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्यासाठी हाताने काढलेले नकाशे त्यांनी पुरवले, असा आरोप होता. त्यातला एक नकाशा गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या हल्लेखोर अबू इस्माईलच्या खिशात सापडल्याचं पोलीस सांगत होते. पँट रक्ताने माखलेली, आणि खिशातल्या कागदावर रक्ताचा डागही नाही! न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांना हे पटलं नाही. ३ मे २०१० रोजी दोघे या खटल्यातून सुटले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम केली.

फहीमचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारीला कुर्ल्यातल्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या.

२९ ऑगस्ट २०१२ च्या ज्या निकालाने कसाबची फाशी कायम केली, त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांनाही बजावलं : आरोपीला पहिल्यांदा हजर केलं, की वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगा आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. हयगय केल्यास खातेनिहाय कारवाई. दंडाधिकाऱ्याला हा नियम लागू असेल, तर बेकायदा ठरावावर सही ठोकणाऱ्या पदाधिकाऱ्यांकडून राज्य बार कौन्सिलने निदान लेखी खुलासा तरी मागवावा.