जुना छोटा हत्ती घेताय? आधी आरसीवरची तारीख बघा

उमरेडहून नागपूरला मिरची, भाजीपाला न्यायला जुना टाटा एस, म्हणजेच ‘छोटा हत्ती’, स्वस्तात मिळतोय? मग गाडीचं वय तपासा.

८ वर्षं का महत्त्वाची? मालवाहू गाडीचं फिटनेस तोवर दर २ वर्षांनी होतं, नंतर दरवर्षी. महाराष्ट्रात पर्यावरण करही ८ वर्षांनंतरच लागतो. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीपासून.

कर्जाचं काय? आरसीवर बोजा असेल, तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका.

गाडीत काय बघाल? नवा रंग नव्हे, हौद्याखालची चेसिस. तिथला गंज किंवा वेल्डिंग म्हणजे धोका. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. माल भरून चालवून बघा. दुरुस्ती, फिटनेस, कर, विमा धरूनच खरी किंमत ठरते.