शिबिरं पुरे, कायद्याचं कपाट उघडा

'कायदा माहीत नव्हता' असं सांगून कोर्टात कोणाची सुटका होत नाही. हे तत्त्व आपल्याला पोलीस ठाण्यातला हवालदारसुद्धा ऐकवतो. त्याची दुसरी बाजू मात्र कोणी ऐकवत नाही. कायदा माहीत असणं ही नागरिकाची जबाबदारी असेल, तर तो वाचायला मिळेल अशी जागा ठेवणं ही सरकारची जबाबदारी ठरते. गोंदिया जिल्ह्यात ती जागा कुठे आहे, दाखवा.

कोर्टाचं ग्रंथालय न्यायाधीशांसाठी. बार रूममधली कपाटं वकिलांसाठी. हायकोर्टाचं खंडपीठ नागपूरला, रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर, आणि तिथेही पक्षकाराने पुस्तक मागावं अशी व्यवस्था नाही. देवरी किंवा सालेकशाच्या माणसाच्या हातात नोटीस पडली, तर ती कोणत्या कलमाखाली आली आणि त्या कलमात काय लिहिलं आहे, हे बघायला त्याला वकिलाची फी मोजावी लागते. वकिलाने युक्तिवादाचे पैसे घ्यावेत, ते रास्तच. पण देशाचा कायदा नुसता डोळ्यांनी बघायचेही पैसे?

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचं एक उत्तर आपल्याच विदर्भातून गेलेल्या माणसाने दिलं होतं. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये अफूविषयी एक कायदा नुसत्या ठरावाने केला आणि फाइलीत ठेवून दिला. तो कुठे छापला नाही, जाहीर केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली 50 रुपये दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1951 मध्ये न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकाल दिला की ज्या कायद्याची लोकांना खबर मिळण्याची सोयच नव्हती, त्याखाली शिक्षा करणं नैसर्गिक न्यायात बसत नाही. हे बोस सुप्रीम कोर्टात जाण्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते.

तेरा वर्षांनी काटा दुसरीकडे झुकला. मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी झुरिकहून मनिलाला निघाला होता. 28 नोव्हेंबर 1962 रोजी विमान मुंबईत थांबलं आणि त्याच्या जाकिटात 34 किलो सोनं सापडलं. असं सोनं विमानाच्या मालयादीत नोंदवलं पाहिजे, ही रिझर्व्ह बँकेची अट चारच दिवस आधी राजपत्रात आली होती. तो म्हणाला, मला कसं कळणार? सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने सांगितलं की राजपत्रात छापलं, तेवढं पुरे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं, पण कायदा बहुमताचा.

सोन्याच्या तस्कराबद्दल कोणाला कळवळा नसेल, मलाही नाही. पण तेव्हापासून सरकारने याच निकालाच्या सावलीत आराम केला आहे. राजपत्रात छापलं की सगळ्यांना कळलं, असं धरायचं. गोंदियात राजपत्र कोण वाचतो?

आता ताजं उदाहरण घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. 511 कलमांची 358 झाली. ज्याला आपण चिडवताना 'चारसोबीस' म्हणतो, तो गुन्हा आता 318व्या कलमात आहे. गावात 'एकशे चव्वेचाळीस लागलं' म्हणजे जमावबंदी, हे लहान पोरालाही माहीत होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत जमावबंदी 163व्या कलमात गेली, आणि 144वं कलम आता बायको, मुलं आणि आईबापांच्या पोटगीचं आहे. म्हणजे जो आकडा ऐकून आपण घरात पळायचो, तोच आकडा घेऊन टाकलेल्या बाईने आता कोर्टात जायचं आहे. हे तिला कोणी सांगितलं? तसंच बिडीचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यांत विरघळले, आणि त्यांत बिडी-सिगार कामगारांचा 1966 चा कायदाही होता. घरात बसून बिड्या वळणाऱ्या बाईचा हक्क एका पुस्तकातून उठून दुसऱ्या पुस्तकात गेला, आणि तिने पहिलं पुस्तकही कधी पाहिलं नव्हतं.

'सगळं मोबाइलवर आहे की!' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. हो, बरंच आहे. इंडियन कानून हे संकेतस्थळ 2008 पासून निकाल फुकट वाचायला देतं आणि त्याचे उपकार मोठे आहेत. सुप्रीम कोर्टाने 2 जानेवारी 2023 रोजी ई-एससीआर सुरू करून सुमारे 34 हजार निकाल खुले केले. केंद्राचे कायदे इंडिया कोडवर मिळतात. पण त्या निकालांची मूळ भाषा इंग्रजी. शोधायला जा, शंभर निकाल समोर येतात. त्यातला कोणता पुढे फिरवला गेला, कोणत्या कलमात दुरुस्ती झाली, हे आपलं आपल्याला कळत नाही. निकालाचं सार, सूची, पुढच्या निकालांशी जोडणी ही मेहनत प्रकाशकाची असते आणि प्रकाशक तिचे पैसे घेतो. 2007 च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या निकालाने रेषा आखून दिली: निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा, संपादकाने स्वतःचं डोकं लावून घातलेली भर त्याची. (जाता जाता: कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात कोर्टाचा निकाल छापायला मोकळीक आहे, पण विधिमंडळाचा कायदा छापायचा तर सोबत टीपा किंवा स्वतःचा काही मजकूर जोडण्याची अट आहे. लोकांचा कायदा लोकांनी नुसता छापायलाही अट!)

म्हणून कपाट हवं, आणि कपाटाशेजारी एक माणूस हवा. कायद्याच्या ग्रंथालयाचा जीव त्या माणसात असतो. तो सल्ला देत नाही, 'केस टाका' किंवा 'टाकू नका' म्हणत नाही. कलम कोणत्या पुस्तकात आहे, आवृत्ती नवी आहे का, मराठी प्राधिकृत पाठ कुठे मिळेल, अर्जाचा नमुना कुठला, एवढं तो काढून देतो. ग्रंथपाल वकिली करायला लागेल, अशी भीती घालणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. औषधाच्या डबीवरचं नाव वाचून दाखवणारा डॉक्टर होत नाही.

कॅलिफोर्नियात 1891 च्या कायद्याने काउंटीगणिक, म्हणजे आपल्या जिल्ह्यागणिक म्हणा, कायद्याची ग्रंथालयं उभी राहिली. दिवाणी दावा दाखल करताना जी फी भरतात, तिचा एक हिस्सा या ग्रंथालयांना जातो, आणि तिथल्या प्रत्येक रहिवाशाला ती फुकट उघडी आहेत. आपल्याकडे दावा टाकणारा कोर्ट फी भरतो, वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचं तिकीटही लावतो. वकिलांचं कल्याण जरूर व्हावं. पण ज्याच्या खिशातून ते तिकीट येतं, त्याच्या वाचनासाठी एक पैसा बाजूला पडत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालय करच नाही, सगळी मदार सरकारी अनुदानावर. आणि वाचनालयात आज गर्दी दिसते ती स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांची. बाविसावं अनुच्छेद एका गुणासाठी पाठ करणारा पोरगा, भावाला रात्री उचलून नेलं की चोवीस तासांचा हिशेब कुठून सुरू होतो हे कोणाला तरी फोन करून विचारतो.

त्याला हेही माहीत असायला हवं की 6 नोव्हेंबर 2025 रोजी मिहिर राजेश शहा प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांनी सांगितलं: अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. तेव्हाचे सरन्यायाधीश आपल्या अमरावतीचे, प्रकरण मुंबईचं, आणि निकालाची भाषा इंग्रजी.

शिबिरांचं काय? दर 9 नोव्हेंबरला विधी सेवा दिन. बॅनर, हार, चार भाषणं, चहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम मी हलकं लेखत नाही. 1987 च्या कायद्याच्या 12व्या कलमाखाली स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, कामगारांना, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि 15100 हा क्रमांक त्यासाठीच आहे. पण शिबिर दुपारी संपतं आणि नोटीस त्यानंतर कधीतरी येते. 2011 च्या विनियमांत गावोगावच्या विधी सेवा केंद्रांची कल्पना आहेच. त्या केंद्रात टेबल आणि खुर्ची आहे तर कायद्याचं पुस्तक का नसावं?

आता थोडं आपल्या घरचं. मोहल्ल्यात कायदा पोहोचतो तो फॉरवर्डमधून. 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझरचा निकाल आठवा. 'आता पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय कोणाचंच घर पडणार नाही' म्हणून पेढे वाटले गेले. रस्ता, फुटपाथ, रेल्वेची जागा, जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामांना त्या दिशानिर्देशांचं संरक्षण नाही, हे त्याच निकालात लिहिलं आहे, फॉरवर्डमध्ये नव्हतं. पोटगीचंही तेच. 10 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने मोहम्मद अब्दुल समद प्रकरणात स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही सर्वांसाठीच्या पोटगीच्या कलमाचा आधार आहे. आणि 1939 चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा? नवऱ्याने दोन वर्षं खर्च दिला नाही, चार वर्षं त्याचा पत्ता नाही, तर बाई स्वतः कोर्टात तलाक मागू शकते, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ऐंशीहून अधिक वर्षं झाली. जमातीच्या बैठकीत बाईचा फैसला करणाऱ्या किती बुजुर्गांनी तो कायदा उघडून पाहिला आहे? आणि आपण पोरं तरी कुठे विचारतो? कायदा बंद कपाटात राहिला की मधल्या माणसाचं वजन वाढतं, मग तो काळ्या कोटात असो वा शेरवानीत.

तेव्हा दोस्तहो, सुरुवात अशी करा. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमात प्रत्येक सरकारी कार्यालयाने स्वतःहून काय जाहीर करायचं याची यादी आहे. तिच्या पंधराव्या मुद्द्यात लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याची वेळ सांगायची, असं लिहिलं आहे. शिवाय माहिती स्थानिक भाषेचा विचार करून द्यायची, हेही तिथेच आहे. 10 रुपये फी, अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांत, उत्तर 30 दिवसांत. एक अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला: 1 जुलै 2024 नंतर जिल्ह्यातल्या अनुदानित वाचनालयांनी नव्या फौजदारी कायद्यांची मराठी किंवा हिंदी पुस्तकं घेतली का, कोणत्या तालुक्यात किती. दुसरा विधी सेवा प्राधिकरणाला: कोणत्या केंद्रात लोकांना वाचायला कायद्याची कोणती पुस्तकं ठेवली आहेत. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा आणि गोंदिया, प्रत्येक तालुक्यातून एकाने लिहिलं तरी पुरे. उत्तरं आम्हाला पाठवा. 'निरंक' आलं तर तेही पाठवा, आठही शेजारी शेजारी छापू.