अनुदान नव्हे, थकबाकी : माहीमच्या बांधापासून मुंबईच्या बसपर्यंत

मुंबई महापालिकेने बससेवेसाठी किंवा एखाद्या रस्त्यासाठी राज्य शासनाकडे निधी मागितला की एक प्रतिक्रिया हमखास उमटते : देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका, आणि तरीही हात पसरते! कारभार नीट केला असता तर ही वेळ आली नसती, वगैरे.

या प्रतिक्रियेचे वय बरेच मोठे आहे. पण इतिहास तिच्या बाजूने साक्ष देत नाही. तो समजून घ्यायचा तर आरंभ माहीमच्या खाडीपासून करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, आणि ती ओलांडायला नावा. साष्टीहून मुंबईत येणारा माणूस पावसाळ्यात जीव मुठीत धरूनच पलीकडे जाई. नावा उलटत, माणसे बुडत. येथे बांध हवा, हे सर्वांना दिसत होते. कंपनी सरकारलाही दिसत होते. परंतु खर्च करायची त्याची तयारी नव्हती. अखेरीस सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध रहदारीला खुला झाला. पैसे देताना त्यांनी एक अट घातली होती : या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याकडून सरकारने टोल घ्यायचा नाही.

ही कथा नेहमी दातृत्वाची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण ती एका नकाराचीही कथा आहे, आणि हा अर्धा भाग बहुधा गाळला जातो. सार्वजनिक रस्ता बांधणे हे राज्यकर्त्याचे काम. ते एका खासगी व्यक्तीला आपल्या पैशातून करावे लागले. टोलची अटही निव्वळ उदारपणातून आलेली नसावी. शीवचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत झाला होता आणि तेथे टोल घेतला जात असे. सरकारच्या हाती रस्ता गेला की त्याच्या तोंडाशी नाका बसतो, हे मुंबईकरांनी तोवर पाहिलेले होते.

मग कंपनीजवळ पैसा नव्हता काय? १८४९ मध्ये, म्हणजे माहीमचा बांध खुला झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी करार झाला आणि तिच्या भागभांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली. रेल्वेला नफा होवो न होवो, लंडनच्या भागधारकाला त्याचे व्याज मिळणार. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघणार. दीड लाखाच्या बांधाला नकार देणाऱ्या राजवटीनेच ही हमी दिली. रेल्वे निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. पण ‘पैसा नाही’ हे उत्तर तेव्हाही खरे नव्हते. पैसा कोणासाठी आहे, हे त्या उत्तरातून कळत होते, इतकेच.

‘शहराला पैसा दिला की ते उधळते’ या दुसऱ्या आवडत्या युक्तिवादाचे मूळही मुंबईतच सापडते. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा, ज्या मंडईला त्यांचे नाव मिळाले ती आजही उभी आहे. रस्ते, गटारे, बाजार यांवर त्यांनी असा सढळ हात सोडला की म्युनिसिपालिटीचा हिशेब विस्कटला. १८७१ मध्ये करदाते खवळले आणि १८७२ मध्ये नवा कायदा आला. त्यानुसार ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले असणार होते.

या प्रकरणातून ‘शहर बेजबाबदार’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा : क्रॉफर्ड यांना नेमले कोणी? शहराने नव्हे, सरकारने. उधळपट्टी सरकारनियुक्त अधिकाऱ्याची होती आणि तिला लगाम घालायला शहराचे करदाते पुढे आले. बेजबाबदारीचा शिक्का मात्र शहराच्या कपाळी बसला. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा पुष्कळ दुरुस्त्यांसह अजून चालू आहे, आणि आयुक्त आजही राज्य शासनच नेमते. मार्च २०२२ नंतर तर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. त्या काळातील खर्चाचा जाब मुंबईकराने कोणाला विचारायचा होता?

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सॅण्डहर्स्ट रोड हे त्याचेच काम. ट्रस्ट सरकारच्या कायद्याने जन्मलेला, वार्षिक वर्गणी मात्र म्युनिसिपालिटीने भरायची. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला. १९७५ मध्ये एमएमआरडीए आले, तेव्हा शहराच्या डोक्यावर सरकारी संस्था बसवण्याची कल्पना मुंबईला मुळीच नवी नव्हती.

आता वाहनांकडे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली, १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस धावली. हे सारे खासगी कंपन्यांचे उद्योग. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने ‘बेस्ट’ आपल्या ताब्यात घेतली. नंतर अनेक दशके या उपक्रमाने एक सरळ व्यवहार चालवला : विजेच्या विक्रीतून उरलेल्या पैशातून बसची तूट भरून काढायची. कुलाब्यातल्या दुकानाचा दिवा आणि परळच्या कामगाराचे तिकीट एकाच हिशेबवहीत होते. राज्यापुढे झोळी पसरायची फारशी गरज पडत नव्हती, कारण वाहतुकीच्या शेजारीच उत्पन्नाचे साधन होते. २००३ च्या वीज कायद्यानंतर ही वाट अरुंद होत गेली आणि शेवटी बंद झाली. वीजग्राहकाने बसप्रवाशाचा भार का सोसावा, हा आक्षेप तर्काला धरून असेलही. पण मग तो भार कोणी सोसायचा, हे ठरवण्याची तसदी कोणी घेतली नाही.

दुसरे साधन जकात. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, चिरीमिरी चाले, आणि एका गावातून दुसऱ्या गावी माल नेण्यावर कर हा प्रकार मध्ययुगात शोभणारा होता. तिचा एक गुण मात्र नाकारता येत नाही : तो पैसा शहर स्वतः गोळा करी. महापालिकेच्या उत्पन्नाचा तो सर्वांत मोठा झरा होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, आणि त्याच महिन्यात नुकसानभरपाईचा सुमारे ६४७ कोटींचा पहिला धनादेश महापालिका मुख्यालयात समारंभपूर्वक देण्यात आला. कालपर्यंत स्वतःच्या नाक्यावर कर घेणारे शहर आता महिन्याच्या महिन्याला धनादेशाची वाट पाहू लागले. आणि ज्याला कायद्याने ‘भरपाई’ म्हटले आहे, त्याला राजकीय भाषणांत ‘मदत’ म्हणण्याची सवय जडली.

मोटारवाहन कराचे पाहा. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५७ वी नोंद वाहनांवरील कराची आहे. तो राज्याच्या तिजोरीत जातो. रस्ता बांधायचा, खड्डे बुजवायचे, सिग्नल उभारायचे, पावसाळ्यात शिव्या खायच्या त्या महापालिकेने, आणि त्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचा कर राज्याने घ्यायचा. इतकेच नव्हे, १९५८ च्या कायद्याने बसप्रवाशांवर जो प्रवासी कर बसला, त्यातून महापालिकेच्या बसही सुटल्या नाहीत, दर कमी होता एवढेच. म्हणजे जी बस चालवण्यासाठी शहर अनुदान मागते, तिच्याच तिकिटातून राज्याला पैसा पोचत आला आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने हे चित्र बदलेल अशी आशा होती. १ जून १९९३ पासून ती अमलात आली आणि नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची बारावी अनुसूची घटनेत दाखल झाली. विषय १८. तरुण वाचकांनी ही यादी एकदा मुळातून वाचावी. कादंबरीइतकी रंजक नसली तरी बोधप्रद आहे. चौथ्या क्रमांकावर रस्ते आणि पूल आहेत. पंधराव्यावर गुरांचे कोंडवाडे. सतराव्यावर सार्वजनिक सुखसोयी, आणि त्यांत रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे. अठराव्यावर कत्तलखाने. सार्वजनिक वाहतूक या यादीत कुठेही नाही. घटनेने शहराच्या हाती बसथांबा दिला, बस दिली नाही. आणि यादीतील विषय तरी सोपवायचेच असे बंधन राज्यावर नाही. राज्य विधिमंडळ सोपवू शकेल, इतकीच तरतूद आहे.

या पार्श्वभूमीवर आक्षेपांकडे वळता येईल. पहिला म्हणजे ठेवींचा. महापालिकेच्या बँकांतील ठेवी हजारो कोटींच्या आहेत आणि २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, त्यातून बेस्टसाठी तरतूद १,००० कोटींची. हा आक्षेप रास्त आहे. किनारी मार्गासाठी हात सैल सोडणाऱ्या महापालिकेने बसच्या बाबतीत कंजूषी केली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिची चूक मात्र राज्याच्या देण्यातून वजा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर : मुंबईला द्यायचे म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या तोंडचे काढून घ्यायचे. महाराष्ट्रातील प्रादेशिक अनुशेष खरा आहे. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून तो कागदावर आहे. पण मर्जीवर चालणाऱ्या अनुदानाचा सर्वाधिक तोटा कोणाला होतो? मुंबईजवळ ठेवी आहेत, वजन आहे, कॅमेरे आहेत. सोलापूर आणि कोल्हापूर यांनीही स्वतःचे परिवहन उपक्रम चालवले, आणि त्यांच्यापाशी यांतले काहीच नाही. मोटारवाहन कराचा ठरावीक हिस्सा, लोकसंख्या आणि प्रवासीसंख्या यांच्या सूत्राने, दरवर्षी, कायद्याने शहरांना मिळू लागला तर पहिला लाभ या शहरांचा आहे. अनुशेषाचे नाव घेऊन सूत्राला विरोध करणारे प्रत्यक्षात मर्जीचे रक्षण करीत असतात.

मर्जी कोणत्या दिशेने वळते याचा ताजा दाखला मुंबईनेच दिला आहे. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला. निवडणूक तोंडावर होती. मोटारवाल्यांना ही सवलत परवडते का, त्यांचा कारभार कार्यक्षम आहे का, असे त्यांना कोणी विचारले नाही. त्यानंतर सात महिनेही झाले नव्हते, तोच ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. अवाबाईंनी टोलविरुद्धची अट घातली तेव्हा माहीमच्या बांधावरून जाणाऱ्यांत पायी चालणारेच पुष्कळ असणार. आज लेडी जमशेटजी रोडवरून जाणारी मोटार दहिसरला टोल न भरता येते, आणि तिच्या मागच्या बसमध्ये उभा असलेला प्रवासी दुप्पट भाडे देतो.